मेंटेनन्स थकवणाऱ्या मेंबरकडून वसुली: कुठल्या टप्प्यावर काय करायचं आणि कुठे थांबायचं

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, पद सोडल्यावर आजूबाजूच्या कमिट्यांची माणसं फाइल घेऊन घरी यायला लागली, की साहेब चार वर्षं झाली हा माणूस एक रुपया देत नाहीये, आता काय करायचं. फाइल उघडली की जवळजवळ प्रत्येक वेळी तेच चित्र. पाच-सहा नोटिसा पाठवलेल्या असतात, प्रत्येक नोटिशीत आवाज आधीपेक्षा चढलेला असतो, पण शेवटच्या नोटिशीतला आकडा कुठून आला हे विचारलं की चेअरमन खजिनदाराकडे बघतो आणि खजिनदार म्हणतो अकाउंटंटला विचारतो. रजिस्ट्रारसमोर, म्हणजे सहकार खात्याच्या उपनिबंधकांसमोर, तुमची केस उभी राहते ती तुमच्या लेजरवर, नोटिशीतल्या भाषेवर नाही. म्हणून खाली जास्त जागा तयारीला दिलीय, अर्ज आणि सुनावणी त्यामानाने सोपी आहे.

हे सगळं नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटीसाठी आहे. नवी मुंबईत बऱ्याच जुन्या वसाहतींत अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहेत, तिथे कायदा वेगळा आणि खर्चाची वाटणीही वेगळी, त्यांनी हा रस्ता जसाच्या तसा धरू नये. आधी तुमचं नोंदणी प्रमाणपत्र काढून बघा तुम्ही नक्की कोण आहात ते.

## टप्पा १: आधी भेटा, आणि का थकलंय ते लिहून ठेवा

दोन जण जा, त्यातला एक त्यांच्या मजल्यावरचा किंवा ओळखीचा असेल तर उत्तम. पूर्ण कमिटी दारात उभी करू नका, समोरचा माणूस बायकामुलांसमोर लाजतो आणि मग भांडतो. पैसे मागायच्या आधी विचारा काय अडचण आहे.

थकवणारे साधारण तीन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत, नोकरी गेली, आजारपण आलं. दोन, ज्यांची सोसायटीविरुद्ध तक्रार आहे आणि पैसे अडवणं हेच हत्यार आहे असं त्यांना वाटतं, यात निम्म्याहून जास्त वेळा गळती असते. तीन, ज्यांना द्यायचेच नाहीत. तिघांना एकच नोटीस पाठवली की पहिले दोघं पण तिसऱ्या गटात जाऊन बसतात.

आमच्याकडे एका काकांचं निधन झालं होतं, बिलं दोन वर्षं त्यांच्याच नावाने त्यांच्याच ईमेलवर जात होती आणि काकूंना माहीतच नव्हतं की काही थकलंय. कमिटी मात्र त्यांना डिफॉल्टर म्हणून मोकळी झाली होती. एका भेटीत विषय मिटला, दहा हप्ते ठरले आणि त्यांनी एकही चुकवला नाही. ती भेट झाली नसती तर आम्ही मेलेल्या माणसावर अर्ज टाकला असता.

गळतीची तक्रार असेल तर ती आधी हातात घ्या, प्लंबर पाठवा, वरच्या फ्लॅटमधून गळतंय की बाहेरच्या भिंतीतून ते ठरवा, लेखी उत्तर द्या. गळती आहे म्हणून मेंटेनन्स अडवता येत नाही हे खरं, पण तुम्ही तीन वर्षं त्या पत्राला उत्तरच दिलं नसेल तर सुनावणीत ते पत्र पहिल्यांदा टेबलावर येणार.

चेक: भेटीची तारीख, कोण गेलं, ते काय म्हणाले, हे चार ओळीत फाइलला लावलंय का? पुढे उपयोगी पडतं.

## टप्पा २: आकडा स्वतः तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अकाउंटंटने सॉफ्टवेअरमधून काढून दिलेला एकच एकूण आकडा घेऊन पुढे जाऊ नका. ज्या महिन्यापासून थकलंय त्या महिन्यापासून आजपर्यंत महिनावार तक्ता बनवा, बिलाची तारीख, मूळ रक्कम, भरलेली रक्कम, बाकी, त्या महिन्याचं व्याज, असे वेगवेगळे कॉलम. मग एकेक गोष्ट बघा.

सुरुवातीची बाकी. तक्त्याच्या पहिल्या ओळीत "मागील बाकी ४७,०००" असं लिहिलेलं असतं आणि ते ४७ हजार कसले ते कोणालाच माहीत नसतं, जुन्या कमिटीकडून आलं एवढंच उत्तर. त्याची फोड मिळत नसेल तर ती रक्कम अर्जात घालू नका. एका खोट्या वाटणाऱ्या आकड्यामुळे बाकीचे खरे आकडेही संशयात येतात.

कुठल्या आधारावर आकारलं. प्रत्येक रक्कम एखाद्या जनरल बॉडीच्या ठरावाकडे किंवा बायलॉजकडे बोट दाखवू शकली पाहिजे. मेंटेनन्स २,५०० वरून ३,००० केला तर कधीच्या सभेत केला? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारच्या नमुना बायलॉजप्रमाणे, सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, वन बीएचके असो की थ्री बीएचके. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर, म्हणजे वर्षाला किमान पाव टक्का आणि पाऊण टक्का, पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर आणि साइझवर, सिडकोच्या जमिनीचं लीज रेंट असेल तर ते फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे. घोडबंदर रोडच्या काही कॉम्प्लेक्समध्ये बिल्डरच्या काळापासून सगळंच स्क्वेअर फुटाप्रमाणे चालू राहिलंय आणि कोणी विचारलं नाही म्हणून चाललंय. मोठ्या फ्लॅटचा मेंबर थकला आणि त्याने वकील लावला की पहिला मुद्दा हाच असतो. आणि टँकरचे पैसे वेगळे लावले असतील तर त्याचा ठराव वेगळा दाखवता आला पाहिजे, "सगळ्यांना माहीत आहे" हा ठराव नाही.

नॉन-ऑक्युपन्सी. फ्लॅट भाड्याने असेल तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सरसकट हजार-दोन हजार लावणाऱ्या सोसायट्या अजून आहेत. फ्लॅट नुसता बंद असेल किंवा मेंबरचा मुलगा राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही.

व्याज. आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के, आणि ते सरळव्याज. तुमच्या सोसायटीला आज लागू असलेल्या उपविधींत आणि ठरावात जो दर आहे तोच लावायचा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये २१ आहे म्हणून आपलाही २१ असं नाही. आणि व्याजावर व्याज नको. बिलिंग सॉफ्टवेअरची सेटिंग चुकीची असेल तर ते मागच्या महिन्याचं व्याज मूळ बाकीत मिळवतं आणि पुढच्या महिन्यात त्यावर परत व्याज लावतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. महिना ३,००० प्रमाणे ५ वर्षं थकले तर मूळ रक्कम १,८०,००० होते, २१ टक्क्यांनी सरळव्याज येतं ९२,९२५, आणि सॉफ्टवेअरने महिन्याला चढवत नेलं तर १,३४,००० च्या वर जातं. म्हणजे सुमारे ४१ हजार रुपये तुम्ही हक्क नसताना मागताय आणि तेही सोसायटीच्या सही-शिक्क्याने.

दंड आणि बाकीचं. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड, गणपतीची वर्गणी, कुत्र्याबद्दलचा दंड, ट्रान्सफर प्रीमियमचा (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते त्या रकमेचा) वाद, हे सगळं या तक्त्यातून बाहेर काढा. वर्गणी ही थकबाकी नसतेच. आणि ज्या रकमेबद्दल खरा वाद आहे, म्हणजे ती लागू होते की नाही हेच ठरायचंय, ती रजिस्ट्रारकडे वसुलीला घातली तर तुम्हाला सहकार न्यायालयात जा असं सांगितलं जाऊ शकतं आणि त्या तीन हजाराच्या दंडापायी तीन लाखाची स्वच्छ थकबाकी अडकून पडते. कमिटीला हे पटत नाही, त्यांचा राग त्या दंडावरच जास्त असतो. पण मी प्रत्येक वेळी तेच सांगतो, दंड सोडा, थकबाकी घ्या.

भरलेले पैसे. मेंबरने मधे कधी यूपीआयने पाच हजार टाकले आणि सोसायटीने ते सस्पेन्समध्ये, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, ठेवले असं फार होतं. बँक स्टेटमेंट त्या काळाचं पूर्ण काढा आणि एकेक एंट्री जुळवा.

चेक: प्रत्येक ३१ मार्चला तुमच्या तक्त्यातली बाकी आणि त्या वर्षीच्या ऑडिट झालेल्या हिशेबातल्या थकबाकीच्या यादीतली बाकी एकच आहे का? नसेल तर इथेच थांबा. फरक कशाचा ते शोधल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका.

तक्ता चुकला होता असं आता लक्षात आलं तर लाज बाळगू नका, सुधारित बिल द्या, सोबत पत्र द्या की व्याजाची आकारणी दुरुस्त केली आहे. चूक स्वतः सुधारलेल्या सोसायटीचं म्हणणं सुनावणीत जास्त ऐकलं जातं, हा माझा अनुभव.

## टप्पा ३: थकबाकीदार कोण आहे ते रजिस्टरमधून ठरवा

आय रजिस्टर (मेंबरांची नोंदवही) आणि जे रजिस्टर (मेंबरांची यादी) काढा. फ्लॅटमध्ये कोण राहतं याने काही ठरत नाही, मेंबर म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. जॉइंट मेंबर असतील तर दोघांनाही पार्टी करा. भाडेकरूला वसुलीची नोटीस देऊ नका, त्याच्या दारावर चिकटवली तरी त्याच्या नावाने नको.

मेंबर वारला असेल तर मृताच्या नावाने काही करू नका. नॉमिनी आणि वारस यांना लिहा, मेंबरशिप ट्रान्सफरचा अर्ज द्यायला सांगा, आणि वेळ आली तर वारसांच्या नावानेच अर्ज करा. नॉमिनी म्हणजे मालक असं समजून फक्त त्याच्याच मागे लागणं ही पण चूकच.

फ्लॅट विकला गेलाय पण नवीन माणूस अजून मेंबर झाला नाही, हे नवी मुंबईत नेहमी दिसतं कारण मधे सिडकोची ट्रान्सफर प्रक्रिया असते. अशा वेळी दोघांना पत्र द्या आणि या एका प्रकारात आधी वकिलाचा सल्ला घ्या.

फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेलाही थकबाकीचं लेखी पत्र देऊन पोच घ्या. बँकेने उद्या फ्लॅट ताब्यात घेऊन लिलावाला काढला तर तुमची बाकी त्यांच्या रेकॉर्डवर असलेली बरी.

## टप्पा ४: कमिटीचा ठराव

कायद्याने थकबाकीदार म्हणायला बिल, नोटीस किंवा देय तारखेपासून तीन महिने उलटून गेलेले लागतात. ते झाले की कमिटीच्या सभेत रीतसर विषय घ्या. ठरावात तीन गोष्टी हव्यात: मेंबरचं नाव आणि फ्लॅट नंबर, अमुक तारखेपर्यंतची मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळे, आणि पुढच्या कारवाईसाठी सही करायला कोणाला अधिकार दिला त्याचं नाव. "योग्य ती कारवाई करावी" असा मोघम ठराव निरुपयोगी.

कोरम होता का, मिनिट्सवर सह्या आहेत का, आणि तुमच्या कमिटीची मुदत संपलेली नाही ना, हे तिन्ही बघा. मुदत संपलेल्या कमिटीने केलेला ठराव समोरचा वकील पहिल्याच तारखेला धरतो. कमिटीत स्वतःच कोणी थकबाकीदार असेल तर आधी त्याला भरायला लावा. थकबाकीदाराला कमिटीवर राहता येत नाही.

## टप्पा ५: नोटीस

आपल्याकडे तीन नोटिसांची पद्धत आहे, प्रत्येकीत पंधरा दिवसांची मुदत. मी म्हणेन पहिली साधं आठवणीचं पत्र, दुसरी मागणी नोटीस, तिसरी अंतिम, ज्यात मुदतीत न भरल्यास उपनिबंधकांकडे वसुलीचा अर्ज करू असं स्पष्ट लिहिलेलं. भाषा साधी ठेवा. "आपण समाजाला कलंक आहात" अशी वाक्यं असलेली नोटीस मी डोळ्यांनी पाहिलीय, ती पाठवणाऱ्या सेक्रेटरीला नंतर वर्षभर माफीनाम्याच्या चर्चेत अडकावं लागलं.

प्रत्येक नोटिशीला महिनावार तक्ता जोडा. तक्ता नसलेली नोटीस म्हणजे नुसतं मागणं. आणि तिन्ही नोटिशींतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, दुसरीत कमी आणि तिसरीत अचानक ऐंशी हजार जास्त असं झालं तर का ते तिथेच लिहा.

कलम लिहिताना लक्ष द्या. नेटवर फिरणारे बरेच नमुने अजून कलम १०१ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि आपला वसुलीचा अर्ज आता कलम १५४बी-२९ खाली जातो.

पोचवायची कशी, तर पोस्टाने पोच मिळेल अशी पाठवा, शिवाय हातपोच आणि ईमेल. रजिस्टरमधला पत्ता, फ्लॅटचा पत्ता आणि माहीत असलेला तिसरा पत्ता, सगळीकडे. घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर दारावर लावा, फोटो काढा, तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्या. पाकीट "घेतले नाही" किंवा "दार बंद" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट तसंच फाइलला लावा, तोच तुमचा पुरावा आहे. एका कमिटीने आतलं पत्र परत वापरता येईल म्हणून पाकिटं फोडून ठेवली होती, तिन्ही नोटिसा परत पाठवाव्या लागल्या आणि दोन महिने गेले.

### इथे थांबून हे वाचा

नोटिशीला उत्तर आलं नाही की कमिटीत कोणीतरी म्हणतंच, पाणी तोडा, दोन दिवसात येईल पैसे घेऊन. करू नका. पाणी, वीज, लिफ्ट, कचरा उचलणं, यातलं काहीही बंद करायचं नाही. गेटवरच्या ॲपमध्ये त्यांच्या पाहुण्यांना अडवणं, मुलांना बागेत खेळू न देणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव आणि आकडा टाकून रोज सकाळी मेसेज, हेही नाही. तोपर्यंत तुम्ही पैसे मागणारे असता, पाणी तोडल्याच्या दिवसापासून उत्तर देणारे होता, पोलीस स्टेशनला आणि कोर्टात. आणि खरं सांगू का, घरात म्हातारी माणसं असतात, शाळेत जाणारी मुलं असतात, त्यांनी काही थकवलेलं नसतं.

## टप्पा ६: हप्त्यांचा रस्ता, पण लेखी

अंतिम नोटिशीनंतर बरेच जण येतात. आले तर दार उघडं ठेवा. त्यांच्याकडून सहीचं पत्र घ्या की अमुक तारखेपर्यंत अमुक थकबाकी मान्य आहे आणि ती अशा हप्त्यांत देईन, शिवाय चालू महिन्याचं बिल वेगळं भरेन. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर जुनं फिटतं आणि नवीन साचतं.

पुढच्या तारखांचे चेक घेत असाल आणि एखादा बाउन्स झाला तर घड्याळ लगेच सुरू होतं: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. पुढच्या मीटिंगमध्ये बघू म्हणालात की मुदत गेली.

व्याजात सूट द्यायची असेल तर कमिटीने परस्पर देऊ नये, जनरल बॉडीत घ्या. जे वेळेवर भरतात त्यांना विचारायचा हक्क आहे.

अर्धवट रक्कम दिली तर घ्या. "पूर्ण आणा नाहीतर नको" म्हणून चेक परत करणाऱ्या कमिट्या आहेत, आणि मग तोच मेंबर रजिस्ट्रारला सांगतो की मी देत होतो, यांनी घेतले नाहीत. पावतीवर लिहा की थकबाकीपोटी मिळाले, उर्वरित रकमेवरचा हक्क राखून, आणि कुठल्या महिन्यांत जमा धरले तेही.

## टप्पा ७: रजिस्ट्रारकडे अर्ज

कुठल्या ऑफिसात जायचं ते नोंदणी क्रमांकावरून कळतं. क्रमांक टीएनए ने सुरू होत असेल तर ठाण्याकडचं, एनबीओएम/सिडको असं असेल तर बेलापूरचं सिडकोचं सहनिबंधक कार्यालय. ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांचं ऑफिस गावदेवी मंडईच्या इमारतीत आहे, तिथे चौकशी केली की तुमच्या भागाची फाइल कोणत्या उपनिबंधकांकडे जाते ते कळतं. चौकशी फी रकमेप्रमाणे असते, तिचं चलन कसं भरायचं आणि किती प्रती लागतात हे जायच्या आधी एक चक्कर मारून विचारून या, तो अर्धा दिवस वाया जात नाही.

फाइल या क्रमाने लावा, वर अनुक्रमणिका आणि प्रत्येक पानाला नंबर:

१. विहित नमुन्यातला अर्ज, त्यात मूळ रक्कम, व्याज आणि कोणत्या तारखेपर्यंतचं ते वेगवेगळं.
२. फी भरल्याचं चलन.
३. कमिटीचा ठराव आणि सही करणाऱ्याचा अधिकार.
४. नोंदणी प्रमाणपत्र, बायलॉजमधली शुल्क आणि व्याजाची पानं.
५. आकारणी ठरवणारे जनरल बॉडीचे ठराव, सगळे, वर्षवार.
६. आय रजिस्टरचा उतारा.
७. महिनावार तक्ता, सही-शिक्क्यासह.
८. बिलांच्या प्रती.
९. नोटिसा आणि प्रत्येकीच्या मागे तिची पोच किंवा बंद पाकीट.
१०. मेंबरची आलेली पत्रं आणि तुमची उत्तरं, सोयीची आणि गैरसोयीची दोन्ही.
११. प्रतिज्ञापत्र.

दहावा मुद्दा लोक गाळतात. त्यांचं तक्रारपत्र तुम्ही लपवलं तर ते त्यांच्याकडून येणारच आणि तेव्हा ते दुप्पट मोठं दिसतं.

मागणीच्या परिच्छेदात फक्त आजची रक्कम लिहून थांबू नका, रक्कम पूर्ण वसूल होईपर्यंतचं पुढचं व्याजही मागा. मागितलं नाही तर वसुली दाखल्यात, म्हणजे रजिस्ट्रार शेवटी रक्कम ठरवून देतात त्या कागदात, येणार नाही. अर्ज केल्यानंतरच्या महिन्यांची नवीन थकबाकी मात्र या अर्जात आपोआप येत नाही, तिची बिलं नियमित देत राहा.

चेक: अर्जातला आकडा, तक्त्यातला आकडा, ठरावातला आकडा. तारीख एकच असेल तर तिन्ही रुपयापर्यंत जुळतात का?

## टप्पा ८: सुनावणी

दोन्ही बाजूंना नोटीस निघते. प्रत्येक तारखेला तोच माणूस पाठवा ज्याला तक्ता पाठ आहे, चेअरमनला मान म्हणून पाठवायची ही जागा नाही. मूळ मिनिट्स बुक आणि रजिस्टर सोबत ठेवा. जे बोललात त्याचं लेखी म्हणणं द्या, आणि रोजनाम्यावर, म्हणजे त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीवर, तुमची हजेरी लागलीय ना ते बघूनच निघा.

समोरून साधारण हेच मुद्दे येतात: बिलं मिळालीच नाहीत, आमची गळती दुरुस्त केली नाही, कमिटी बेकायदेशीर आहे, हिशेब दाखवत नाहीत. पहिल्याचं उत्तर पोच, दुसऱ्याचं तुमची पत्रं, तिसऱ्याचं निवडणुकीची कागदपत्रं, चौथ्याचं ऑडिट रिपोर्ट आणि एजीएमची (वार्षिक सभेची) नोटीस. म्हणजे वरचे टप्पे नीट केले असतील तर इथे तुम्हाला नवीन काही करायचंच नाहीये. आवाज चढवू नका, त्यांनी वैयक्तिक काही काढलं तरी तक्त्यावर परत या.

तारीख लांबवण्यासाठी ते मधेच थोडी रक्कम भरतात. घ्या, सुधारित तक्ता द्या आणि अर्ज चालू ठेवा. पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका, "पुढच्या आठवड्यात देतो, तुम्ही मागे घ्या" यावर विश्वास ठेवून परत पहिल्यापासून सुरू केलेल्या दोन सोसायट्या मला माहीत आहेत.

## टप्पा ९: वसुली दाखला मिळाल्यावर

दाखला मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, आणि कमिट्या इथेच सुस्तावतात. दाखला फ्रेम करून ठेवायचा कागद नाही. तो थकबाकीचा निर्णायक पुरावा असतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, पण ती करायला तुम्हालाच हलावं लागतं.

आधी प्रमाणित प्रत घ्या, मेंबरला पोचवा, भरण्यासाठी लेखी मुदत द्या. त्यांना विभागीय सहनिबंधकांकडे रिव्हिजनमध्ये, म्हणजे आदेशाची फेरतपासणी मागायला, जाता येतं, त्यासाठी आदेश कळल्यापासून दोन महिने असतात, म्हणून तुम्ही आधीच कॅव्हेट टाकून ठेवा म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणार नाही.

मग वसुली अधिकारी. कलम १५६ आणि नियम १०७ खाली ही वसुली होते, त्यासाठी विशेष वसुली अधिकारी लागतो, ज्याला सगळे एसआरओ म्हणतात. ठाणे जिल्हा हाउसिंग फेडरेशनचे सभासद असाल तर तिथे चौकशी करा. अधिकारी आधी मागणी नोटीस देतो, मग जंगम वस्तूंची जप्ती, आणि त्यानेही भागलं नाही तर फ्लॅटची जप्ती आणि लिलाव. लिलावाची उद्घोषणा लावल्यापासून किमान ३० दिवस जावे लागतात, बोली जिंकणाऱ्याने १५ टक्के तिथल्या तिथे आणि बाकी १५ दिवसांत भरायचे असतात. लिलाव झाल्यानंतरही ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदाराला ५ टक्के भरून मेंबर तो रद्द करून घेऊ शकतो.

हे सगळं अधिकाऱ्यानेच करायचं. कमिटीच्या पोरांनी जाऊन टीव्ही उचलून आणणं म्हणजे जप्ती नाही. पंचनामा, साक्षीदार, यादी, सगळं त्यांच्या हातून होऊ द्या, तुम्ही फक्त वेळेवर खर्च भरा आणि हजर राहा.

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक केसेस फ्लॅटच्या जप्तीची नोटीस दारावर लागली तिथेच मिटल्या. तेव्हा मेंबर भाऊ, मेहुणा, वकील घेऊन येतो आणि तडजोडीचं बोलतो. इथे हप्ते द्यायचे असतील तर मोठा भाग रोख घेऊनच द्या आणि जप्ती शेवटच्या हप्त्यापर्यंत उठवू नका.

पैसे खात्यात क्लिअर झाले की त्याच आठवड्यात चार कामं करा: पावती, लेजरमध्ये महिनावार जमा, वसुली अधिकाऱ्याला लेखी कळवून जप्ती उठवणं, आणि मेंबरला थकबाकी नसल्याचं पत्र. बँकेला आधी कळवलं असेल तर तिलाही. पुढच्या महिन्याचं बिल त्यांच्या हातात द्या आणि त्यावर मागील बाकी शून्य छापून आलीय ना, ते द्यायच्या आधी स्वतः बघा.